घरटी चार पोती

१

मंगळवारी उजाडले तेव्हा गोंदियाच्या जुन्या बाजारचौकाचे छत जमिनीवर आले होते.

सन १९३४, वैशाखाचा तिसरा आठवडा. अशा दिवसांत छताशिवाय त्या चौकात बसणे म्हणजे तव्यावर बसणे. चैत्र लागला की चौकातली एकतीस घरे घरटी चार पोती देत. धानाच्या गिरण्यांतून आलेली, कोंड्याने गच्च झालेली जुनी पोती. बायका ती उसवून दुहेरी शिवत. मग कामठ्याचा कवडू ढिवर येई, आंबाडीचे दोर वळी आणि अख्खे छत माड्यांच्या खिडक्यांखाली, भिंतीतल्या लोखंडी आकड्यांना ताणून बांधे. मृगापर्यंत कामठ्याची, सौंदडची, पार सडक अर्जुनीकडची माणसे दर मंगळवारी त्या सावलीत बसत, विकत, घेत आणि पाणपोईचे पाणी पिऊन आपापल्या वाटेला लागत.

आता ती पोती चिखलात लोळत होती. पाणपोईचे पाचही रांजण त्यांच्याखाली फुटले होते. उत्तरेच्या भिंतीतले चार आकडे चुन्यासकट उपटून आले होते. आणि एका कोपऱ्यात दोराचे टोक पडले होते, सुरीने कापावे तसे सरळ.

"माणूस दबला नाही, हे नशीब," केवलराम म्हणाले. ते धानाचे अडते आणि चौकाचे पंच. एरवी त्यांचा आवाज तीन दुकानांपलीकडे जाई, आज शेजारच्यालाही नीट ऐकू गेला नाही.

छताने पडायला दिवस वाईट निवडला होता. म्युनिसिपल कमिटीचे मेंबर दुलीचंद त्याच सकाळी नऊ वाजता चौक पाहायला येणार होते. बाजार रेल्वेच्या लाईनीपलीकडच्या मोकळ्या पटांगणात न्यावा, असा अर्ज दोन महिने कमिटीपुढे पडून होता. गेल्या मंगळवारी कामठ्याची एक म्हातारी भर बाजारात उकाड्याने भोवळ येऊन पडली, तेव्हापासून अर्जाला पाय फुटले होते.

दुलीचंद आले, छत्री मिटून त्यांनी सगळे पाहिले आणि विचारले, "हे बांधतो कोण?"

"कवडू."

"झाडतो कोण? रांजण कोण भरतो?"

सगळे केवलरामांकडे पाहू लागले. केवलरामांनी घसा साफ केला. "साहेब, ते आमच्याकडे सांगत नाहीत. वीस वर्षांमागं पाणपोईवर दगड बसवला, तर पहिलं नाव कोणाचं यावरून चौक फाटला. दोन वर्षं शेजारी शेजाऱ्याशी बोलला नाही. बाजार निम्म्यावर आला. मग तो दगड उपटून पालथा टाकला, त्याची पायरी केली. तेव्हापासून चौकाचं काम ज्याला दिसेल त्यानं करायचं आणि केल्याचं सांगायचं नाही. नाव घ्यायचं नाही."

"बहुत अच्छा. मग पाडणाऱ्याचंही नाव कोणी घेणार नाही." दुलीचंदांनी खिशातून कागद काढला. "शुक्रवारी दुपारी बाराला मी परत येतो. छत आपोआप पडलं असेल, तर ते धोक्याचं आहे. पुढच्या मंगळवारपासून बाजार पलीकडे. कोणी पाडलं असेल, तर नाव द्या. तिसरी गोष्ट मी ऐकणार नाही."

ते गेले आणि चौकात दोन तट पडले. एक म्हणे, कवडूच्या गाठी कच्च्या. दुसरा म्हणे, ईश्वरदास सेठची सुरी पक्की. कापडवाल्या ईश्वरदासांनी दोन वर्षांपूर्वी लाईनीपलीकडे, त्या पटांगणाला लागूनच, जमीन घेतली होती. बाजार तिकडे गेला तर सगळ्यात आधी कोणाचे दुकान उभे राहील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

केवलरामांनी टिकारामला बोलावले.

टिकाराम बिडीच्या कारखान्यात बिड्या तपासायचा. पंचवीस बिड्यांच्या बंडलावरून अंगठा फिरवून, त्यातली सैल वळलेली एक बिडी न पाहता उपटून काढणारा माणूस. त्याने टाकून दिलेल्या बिड्यांपायी निम्मा गाव त्याच्यावर रागावलेला होता, म्हणून तो कोणाच्याही बाजूचा नाही हे सगळ्यांना मान्य होते. अकरा वर्षे तो चौकातच, तेलाच्या दुकानावरच्या भाड्याच्या माडीवर राहत होता.

"तीन दिवस आहेत," केवलराम म्हणाले. "खोटी बिडी काढून दे."

२

टिकारामने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पोत्यांना कोणाला हात लावू दिला नाही. बाजार त्या दिवशी उन्हातच बसला आणि अकराच्या आत उठला. मग तो एकटाच चौकात फिरला. वैशाखाच्या उन्हाने तोवर पोती खडखडीत वाळवली होती. दक्षिणेला, मुन्नालाल हलवायाच्या दुकानापुढच्या पोत्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. उत्तरेला, ईश्वरदासांच्या भिंतीपाशी त्याने एक पोते नाकाशी नेले, थोडा वेळ धरले आणि खाली ठेवले. पश्चिमेच्या कोपऱ्यात पोत्यांवर तपकिरी डाग होता. तो त्याच्या स्वतःच्याच खिडकीखालचा, म्हणून त्याकडे त्याने फारसे पाहिलेही नाही. फुटलेल्या रांजणांच्या ढिगाशी मात्र तो बराच वेळ उकिडवा बसला. खापरांमध्ये बुडे वर होती आणि काठ खाली.

मग तो कापलेल्या दोरापाशी आला. दोर ज्या आकड्याचा, तो आकडाही भिंतीतून उपटलेला होता.

बाजारासाठी आलेला कवडू त्याला स्टेशनच्या आवाराबाहेर भेटला. बोचके उशाला घेऊन चिंचेखाली पडला होता. सकाळीच कोणीतरी त्याला सांगितले होते, की आता चौकातल्या दोराला हात लावायचा नाही.

"गाडी गेली ना गा तुही," टिकाराम म्हणाला.

"जाऊ दे. नाव साफ झाल्याबिगर कामठ्याले कोनत्या तोंडानं जाऊ? बाप माहा जाळे बांधे. त्याचा बाप बी. अख्खा तलाव आमच्या गाठीवर भरोसा ठेवून राहिला. अन् हे हलवाई, कापडवाले मले सांगून राहिले का गाठ सुटली." तो उठून बसला. "तू पायलं ना? एक तरी गाठ सुटली का? सांग."

"नाही सुटली. एकूणएक जागच्या जागी आहे."

"मंग?"

"आकडे उपटले. दोर कापला."

"कापला म्हनते तं कापनाऱ्याले धर. माह्यामागं कायले लागला?"

"कवडूभाऊ, दोर आधी कापला असता तर ओढ सुटली असती. मग त्याचा आकडा भिंतीतच राहिला असता. तोही उपटून आला, म्हणजे छत आधी पडलं. दोर मागाहून कापला."

कवडूने त्याच्याकडे पाहिले. "पडल्यावर कोन कापते? येडा आहे का कोनी?"

त्याचे उत्तर टिकारामला मुन्नालालच्या भट्टीपाशी मिळाले. बर्फी कापायची रुंद सुरी पाटावर पडली होती. तिच्या मुठीपाशी आंबाडीचे दोन धागे अडकले होते. मुन्नालाल कढईत झारा फिरवत होता, तो थांबला.

"हमने कुछ नहीं किया," टिकारामने काही विचारायच्या आत तो म्हणाला.

"मी तर जिलेबी मागायला आलो होतो."

"जिलेबी नाही आज."

"मग सुरी दे."

मुन्नालालने झारा ठेवला. "सकाळी दुकान खोला तो बछडा दबलेलं होतं खाली. गळ्याभोवती दोर. आँखें बाहेर येत होती त्याची. काप दिया. और क्या करते?"

"मग हे सकाळी सर्वांपुढे का नाही सांगितलं?"

"कैसे सांगू? चौकाचं काम. सांगायचं नसतं." मुन्नालालने पुन्हा झारा उचलला. "और सच बोलूँ? सांगितलं असतं, तर बछडा कोणी ऐकला नसता. सुरी ऐकली असती."

वासरू खरेच होते. त्याच्या मानेवर दोराचा वळ होता. सुरी निर्दोष सुटली. पण मग सव्वाशे पोत्यांचे छत, महिनाभर उन्हावाऱ्यात टिकलेले, चार आकडे उपटून खाली आणायला वरून हत्ती बसला होता की काय?

३

बुधवारी टिकाराम जमुनाबाईकडे गेला. पाणपोई तिच्या ओट्याला लागून. नवरा रेल्वेत गेला तेव्हापासून, म्हणजे अपघातात गेला तेव्हापासून, ती तिथेच होती. खापरे गोळा करून तिने एका बाजूला रचली होती, जणू पुन्हा जोडायची होती.

"पानी कोणत्या रांजणातलं गोड लागे, ठाऊक आहे तुले?" ती म्हणाली. "मधल्या. तोच पहिला फुटला असन."

"काकू, सोमवारी रात्री रांजणांत किती पाणी होतं?"

"पानी कुठचं? सोमवारी दिवे लागायच्या आधी मी पाचही घासून पालथे घालतो. रातभर वारा लागला पाहिजे, नाहीतं कुबट वास येते. पहाटे कोनी येते अन् भरून जाते. कोन ते मी पाहत नाही. पाहायचं नसते."

"त्या दिवशी भरले होते?"

"भरले असते तं सरळ असते. बुडं वर कायले राहिली असती?"

टिकाराम ओट्यावर बसला. मंगळवारी पहाटे चौकात चिखल होता. पोती भिजली होती. ते पाहणाऱ्या प्रत्येकाने, त्याच्यासकट, रांजण फुटले म्हणून चिखल झाला असे धरले होते. रांजण कोरडे होते. मग चौक भिजवणारे पाणी आले कुठून? वैशाखात आभाळातून तर नाही.

वरून. पण खिडकीइतक्याच वरून.

तो उठला आणि सरळ ईश्वरदासांच्या दुकानात शिरला. सेठ गादीवर बसून एका गिऱ्हाइकाला लुगडे उलगडून दाखवत होते. शुभ्र धोतर, शुभ्र टोपी. टिकारामकडे पाहून त्यांनी लुगड्याची घडी हळूहळू घातली आणि गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितले.

"आखिर आलात," ते म्हणाले. "मी कालपासून वाट पाहतोय. सगळा चौक माझ्याकडे असा पाहून राहिला जसा मी कापड नाही, कफन विकतो."

"सेठ, तुमच्या पिण्याच्या पाण्यात वाळा घालतात ना?"

ईश्वरदासांनी घातलेली घडी पुन्हा उलगडली.

"तुमच्या खिडकीखालच्या पोत्याला वाळ्याचा वास आहे. चौकात वाळ्याचं पाणी पिणारं घर एकच."

"एक घागर," शेवटी ते म्हणाले. "एकच. घरात बारदान भिजवून खिडकीला लावतो ना, वैसे. दुलीचंदजी नऊ वाजता छताखाली उभे राहतील, त्यांना जरा गारवा लागावा. म्हटलं, चौकात कोणी आता भोवळ येऊन पडायला नको. पहाटे साडेचारची मालगाडी आली तेव्हा ओतली, गाडीच्या आवाजात. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"पण तुमची जमीन तर पलीकडे आहे."

"जमीन उधर है. दुकान इधर है." सेठ एकदम चिडले. "बापाचं आहे हे दुकान. बाई दारात आली की मला समजतं, लग्नाचं लुगडं पाहिजे का सुतकाचं. पलीकडे मला कोण ओळखतं? जमीन घेतली ती गोदामासाठी. ते कोणी विचारलं नाही. कोणी नाही विचारलं." मग त्यांचा आवाज उतरला. "सकाळी दार उघडलं, तर सगळं खाली. टिकाराम, माझ्या एका घागरीनं चौकाचं छत पाडलं. हे मी कोणाला सांगू? कवडूवर बोट गेलं तेव्हा मी गप्प बसलो. ते पाप आहे माझ्या माथ्यावर. लिहून घे."

टिकारामने लिहून घेतले नाही. एका घागरीने एक आकडा हललाही नसता. सेठ खरे बोलत होते आणि तरीही खोटी बिडी हाती लागली नव्हती.

४

गुरुवारी तो पुन्हा मुन्नालालकडे गेला. "मुंग्या," एवढेच म्हणाला.

मुन्नालालने कपाळाला हात लावला. "पाकाची घागर होती. धुतली होती, लेकिन नीट धुतली नसेल. एकच ओतली, भाऊ. गाडी आली तेव्हा." तो जवळ सरकला. "मेरी वजह से गिरा ना? मी दोन दिवस झोपलो नाही. कवडूला रोज पुरी पाठवतोय स्टेशनवर. नाव न सांगता."

टिकाराम घरी आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. त्याची बायको मंदाबाई दाराशी बसून बिड्या वळत होती. सूप मांडीवर, तेंदूची भिजवलेली पाने ओल्या फडक्यात. पाने भिजवलेले पाणी शेजारच्या घागरीत होते, चहासारखे तपकिरी.

तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"जेवाले या ना, उभे कायले?" मंदाबाई म्हणाली.

"आपल्या खिडकीखाली छतावर तपकिरी डाग आहे."

तिचा हात थांबला. मग तिने हातातली बिडी वळून पूर्ण केली, टोक मुडपले, दोरा बांधला आणि सुपात ठेवली.

"तुमी निजले होते," ती म्हणाली. "पानी दोनच घागरी भेटते, अन् एक पिवाले पायजे. म्हनून पानं भिजवल्याचं घेतलं. त्या म्हातारीले मीच उचललं होतं ना, मागच्या बाजारात. हात असा तापला होता तिचा, वो. म्हनलं, निदान आपल्या खिडकीखाली बसन त्याले तरी थंड लागन." तिने त्याच्याकडे पाहिले. "गाडीची वाट पायली. आवाज नको म्हनून. मले वाटलं, माह्यानंच पडलं. तुमी रोज शोधून राहिले अन् मी रोज भाकर वाढून राहिली. सांगाले जीभ उचलली नाही."

टिकाराम तिच्यासमोर खाली बसला. सुपातले एक बंडल त्याने सवयीने उचलले, अंगठा फिरवला. एक बिडी सैल असली, तर दोष वळणाऱ्याचा. पण बंडलातल्या पंचवीसही बिड्या तशाच निघाल्या तर? तर वळणाऱ्यांना बोलून उपयोग नसतो. तेव्हा पान पाहायचे असते. सगळ्यांना सारखेच पान मिळालेले असते.

तीन घरे. प्रत्येकाने एकच घागर ओतली. प्रत्येकाने एकाच गाडीची वाट पाहिली. प्रत्येकाला वाटले, आपल्यामुळेच पडले. प्रत्येक जण गप्प बसला.

तीन दिवस तो एक खोटी बिडी शोधत होता.

"मंदा," तो म्हणाला, "उद्या बारा वाजता खिडकीत ये. तुझं काम पडेल."

५

शुक्रवारी दुपारी चौकात सावली अशी नव्हतीच. दुलीचंद छत्री उघडी ठेवूनच उभे राहिले. भोवती सगळा चौक. कवडूला टिकारामने स्वतः जाऊन आणले होते. तो बोचके काखेत धरून लांब उभा होता.

"नाव?" दुलीचंद म्हणाले.

"आधी हिशेब ऐका, साहेब," टिकाराम म्हणाला. "दोर छत पडल्यावर कापला, दबलेलं वासरू सोडवायला. म्हणजे सुरीनं छत पडलं नाही. गाठी सगळ्या शाबूत आहेत. म्हणजे बांधणीनं पडलं नाही. रांजण पालथे होते, कोरडे होते. तरी चौकात चिखल होता. म्हणजे छतावर वरून पाणी पडलं. साडेचारची मालगाडी चौकामागून जाते तेव्हा शेजारच्या खाटेवरचं बोलणं ऐकू येत नाही. ज्यानं पाणी ओतलं, त्याला आवाज नको होता, म्हणून त्यानं ती वेळ धरली. छत कोसळलं तेही त्याच गडगडाटात, म्हणून कोणी ऐकलं नाही. त्याला वाटलं, तो एकटाच आहे."

तो थांबला आणि त्याने वर पाहिले.

तेलाच्या दुकानावरच्या खिडकीतून मंदाबाई म्हणाली, "एक घागर माही."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. इतक्या वर्षांत त्या चौकात कोणी केलेल्या कामाला स्वतःचे नाव लावले नव्हते. मग ईश्वरदासांनी टोपी काढली. "एक मेरी."

"एक आमची," मुन्नालाल म्हणाला. "पाकवाली."

कासाराची सून म्हणाली, आमची मोठी घागर होती. लोहाराने बादली सांगितली. अत्तरवाल्याने दोन लोटे सांगितले आणि कोणीतरी हसले, कारण तो तेवढाच देणार हे सगळ्यांना ठाऊक होते. एकेक घर बोलू लागले, आणि बोलताना शेजाऱ्याकडे पाहू लागले, जसे काही पहिल्यांदाच पाहत होते. सत्तावीस झाली. केवलराम शेवटी बोलले, जमिनीकडे पाहत. "माझ्या दोन. पंच म्हणून एक जास्त."

अठ्ठावीस घरे. एकाच गाडीच्या आवाजात, एकाच मिनिटाला.

दुलीचंदांनी छत्री खांद्यावर टेकवली. "पण पोत्यातून पाणी गळून जातं. तेवढ्यानं लोखंडी आकडे उपटतात?"

टिकाराम कवडूकडे वळला.

कवडू जागचा हलला नाही. "आता विचारून राहिले मले," तो म्हणाला. "तीन दिवस चोर म्हनाले. दोरीचं कोनी नाही विचारलं."

"आता विचारतो आहे," टिकाराम म्हणाला. "चुकलो आम्ही. मीही आधी गाठीच पाहिल्या."

कवडूने बोचके खाली ठेवले. "कोंड्याची पोती हायेत, तेही दुहेरी. लवकर गळत नाहीत, पीत राहतात. पानी सारं मंधात जमा होते. अन् वरून आंबाडी. ती भिजली का आखडते. मी कोरडी ताणून बांधली, कारन उन्हात ढिली पडते. भिजनार हाये हे ठाऊक असतं, तं वीतभर सैल सोडली असती. खालून वजन, वरून दोरी आखडून राहिली. आकड्यानं काय करावं? जाळं टाकनाऱ्या कोनत्याही ढिवराले विचारा." त्याने सगळ्यांकडे पाहिले. "तुमी एकमेकाले नाही सांगत ते तुमचं. पन बांधनाऱ्याले तं सांगायचं होतं."

केवलराम पुढे आले. चौकाच्या पंचाने हात जोडले, तेव्हा अठ्ठावीस घरांनी न सांगता जोडले. कवडूने नजर वळवली. त्याला ते पाहवेना.

दुलीचंद थोडा वेळ त्या उघड्या चौकाकडे पाहत राहिले. आयुष्यात त्यांनी बाजार पुष्कळ पाहिले होते. तिथे दुसऱ्याच्या ओट्यापुढचा कचरा कोणी आपला मानत नसे. त्यांनी कागद काढला.

"लिहितो की बांधणीत दोष नाही. बाजार इथंच राहील," ते म्हणाले. "पण कमिटी एकतीस घरांशी बोलत नाही. छताचा जबाब देणारं एक नाव पाहिजे. सही किंवा अंगठा."

केवलराम काही म्हणणार तेवढ्यात कवडू बोलला.

"माहं लिहा."

"कवडू," ईश्वरदास म्हणाले, "तुला आम्ही चोर म्हणू दिलं."

"म्हनूनच लिहा. आता माह्या विचाराबिगर छतावर कोनी थेंब टाकनार नाही. टाकायचा असन तं मले सांगन, मी दोरी सोडून देईन. अन् दुसरं." त्याने शाईच्या डबीकडे बोट नेले आणि थांबवले. "बांधताना ज्याचा आकडा, त्यानं धरायचा. मी एकलाच वर, अन् तुमी सारे खाली उभे राहून तोंड चालवता, ते आता नाही."

"मंजूर," केवलराम म्हणाले.

कवडूने अंगठा उमटवला आणि तो धोतराला पुसला.

सोमवारी सकाळी छत चढले. नवे आकडे लोहाराने केले. पोती उसवून पुन्हा शिवली गेली. कुंभाराकडून पाच रांजण आले, आणि ते कोणी आणले हे कोणी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. प्रत्येक माडीच्या खिडकीत एक माणूस दोर धरून उभा होता. मुन्नालाल घामाने न्हाला होता. मंदाबाईने दोर कमरेला गुंडाळून घेतला होता, आणि टिकाराम मागून तिचा पदर सांभाळत होता. कवडू चौकाच्या मधोमध उभा राहून एकेका खिडकीला हुकूम सोडत होता.

उत्तरेच्या खिडकीत ईश्वरदास होते. धोतराचा शुभ्रपणा संपला होता. त्यांनी सगळा जीव लावून दोर ओढून धरला होता.

"ढील द्या, सेठ," कवडू खालून म्हणाला.

"कितनी?"

कवडू छताखाली, बाजारकरी बसतात तिथे, मांडी घालून बसला. वर पाहिले. वाऱ्याची एक झुळूक आली आणि पोत्यांची झूल हलली.

"आनखी थोडी," तो म्हणाला. "बसनाऱ्याले वारा लागला पायजे."

सेठांनी मूठ सैल केली.